हिरवा ठिपका

कल्पना करा बरं, तुमच्यासमोर दोन प्लग आहेत. आकार एक, खाचा एक, वायरीही मोजून तेवढ्याच. दोन्ही एकाच जागी टक् करून बसतात. एक लावला की कॉम्प्युटर सुरू होतो. दुसरा लावला की धूर निघतो. ओळखाल कसा?

ठाण्याच्या नौपाड्यातले गुणाजी तो नुसत्या वायरींच्या रंगांवरून ओळखत. तीस वर्षं त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि इतरांनी हात टेकलेली मशीनं त्यांच्याकडे यायची.

त्या दुपारी ते एका स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देत होते. तेवढ्यात बारा वर्षांची एक मुलगी चाकांची बॅग ओढत दुकानात शिरली.

"काका, एक मशीन दाखवायचंय."

"काका काय गं? केस बघ माझे. आजोबा म्हण. नाव काय तुझं?"

"रुचिता."

"कोणाची तू?"

"कोपरीची," ती म्हणाली आणि बॅगेची चेन उघडली.

आत चादरीत गुंडाळलेला जुना, चपटा डेस्कटॉप होता. गुणाजींनी तो पाहताच ओळखला. त्या कंपनीचं सगळंच वेगळं असायचं. साधा बाजारातला सुटा भाग त्याला चालायचा नाही.

"हा चालू व्हायचा नाही बाळा. याचे भाग आता मिळत नाहीत."

"चालू नाही करायचा. तो कोणी जाळला, तेवढं सांगा."

गुणाजी हसले. "पोलीस आहेस का?"

"घरी एका माणसावर आळ आहे. खूप वर्षं झाली." ती हसली नाही. "त्याने जाळला की नाही, ते मला कळायला हवं."

"मग त्यालाच विचार."

"तो बोलतच नाही. हे एका शाळेचं होतं. शाळेने मशीनं भंगारात काढली तेव्हा तिसांतलं हे एकच शोधून त्याने घरी आणलं. माळ्यावर ठेवलंय. कोणाला उघडू देत नाही. आज घरी कोणी नाही, म्हणून आणलं."

गुणाजींचं अर्धं लक्ष स्क्रू काढण्यात होतं. मुलांना शिकवायची संधी आली की त्यांना राहवत नसे. झाकण निघताच त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"हे बघ, बोर्डवर काळं पडलंय ना? कोणीतरी गाढवाने यात साधा पॉवर सप्लाय लावला. प्लग बसला, म्हणून त्याला वाटलं चालेल. पण या कंपनीने वायरींचा क्रम बदललाय. बसतो म्हणजे जमतो, असं नसतं. लक्षात ठेव."

"गाढव कोण, ते कसं कळणार?"

"दुसऱ्या दुकानात कळणार नाही. माझ्याकडे कळतं." त्यांनी शर्टाच्या खिशातली लाल बाटली पुन्हा काढून दाखवली. "ज्याने स्क्रू आवळला, त्याने त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. नंतर कोणी उघडलं तर ठिपका फुटतो. काम कोणाचं, तेही कळतं. लाल माझा. ही बाटली माझ्या खिशातून हलत नाही. आमची ही म्हणायची, बायकोपेक्षा तुमचंच नेलपॉलिश जास्त संपतं!"

रुचिताचं लक्ष टेबलाच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे हिरवी बाटली होती. आतलं सगळं सुकून दगड झालेलं.

"आणि ती?"

"एक पोरगा होता हाताखाली. साईनाथ. सोन्यासारखा हात." गुणाजींचा आवाज कोरडा झाला. "एका शाळेच्या लॅबची मशीनं आम्ही दोघं दुरुस्त करत होतो, तिथे त्याने असंच एक जाळलं. सगळ्या मास्तरांसमोर धूर! शाळेने आम्हाला परत दारातही उभं केलं नाही. आणि हा? मान खाली घालून गप्प. केलं म्हणेना, नाही केलं म्हणेना. चूक माफ केली असती गं. कबूल न करणं नाही. त्याच दिवशी हाकलला. पुढे ठाण्यात कोणी त्याला कामावर ठेवलं नाही. तू तेव्हा पाळण्यात असशील."

बोलता बोलता त्यांनी मशीन आडवं केलं आणि थांबले. पत्र्याच्या आतल्या बाजूला शाळेचा शिक्का होता. त्याखाली नंबर, सतरा.

"अरे! हे तर तेच!" त्यांच्या गालावर लाली चढली. "हा त्याचाच पराक्रम. ये इकडे, तुझ्या घरच्या माणसावरचा आळ आत्ता काढतो. सप्लायच्या पोटाखाली एक स्क्रू आहे. तो बाहेरून दिसत नाही. घे टॉर्च. मी वायरी बाजूला धरतो. हिरवा ठिपका दिसेल बघ."

रुचिता वाकली. तिने टॉर्च आत धरली.

"दिसला?"

तिने टॉर्च आणखी आत सरकवली.

"अगं, बोल की. अख्खा आहे ना? फुटलेला नाही?"

"अख्खा आहे, आजोबा."

"मग झालं तर. हिरवाच ना?"

तिने टॉर्च त्यांच्या हातात दिली. गुणाजींनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, मान वाकवली आणि पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. त्यांचा दुसरा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला आणि लाल बाटलीवर तसाच राहिला.

रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते.

रुचिताने फोन काढला, नंबर लावला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मी तुमचं मशीन उघडलं. रागावू नका." मग तिने गुणाजींच्या हातातली टॉर्च काढून घेतली आणि त्या जागी फोन ठेवला.

"बोला," ती म्हणाली. "साईनाथ आहेत. माझे बाबा."