अध्यक्षांची खुर्ची

पहिला अंक संपला, पण एकही माणूस हसला नाही. चिकपेठेतल्या माडीवरच्या हॉलमध्ये तीनशे माणसं बसली होती आणि आवाज फक्त पंख्याचा येत होता.

"अय्यो, हे नाटक आहे की कुणाचं श्राद्ध?" खंडोजी विंगेत खोटी मिशी चिकटवत म्हणाला. नाटकातला साहेब तोच होता.

शेजारी अरविंद नाटकाची वही छातीशी धरून उभा होता. नाटक त्याचंच. जुन्या इंग्रजी मासिकात त्याने एक जपानी गोष्ट वाचली होती. एका कचेरीत साहेब हसल्याशिवाय कुणी हसत नाही आणि उठल्याशिवाय कुणी उठत नाही. एक दिवस भूकंप होतो, साहेब काही उठत नाहीत, मग कारकूनही मुकाट बसून राहतात. वाचताना अरविंदची हसून मुरकुंडी वळली होती. बेंगळुरात भूकंप कुठला? म्हणून त्याने आग लावली, किमोनो काढून फेटे चढवले आणि मराठी मंडळाच्या वार्षिकोत्सवासाठी तीन अंक लिहून काढले.

हौस दांडगी, अक्कल स्वल्प! मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव, आणि कारखान्यात अरविंदचे साहेबही तेच. दोन वर्षं तो हंगामी कारकून होता. कायम करायच्या कागदावर उद्या सोमवारी त्यांचीच सही व्हायची होती. घरी कमलाला सातवा महिना लागला होता.

मंडळाची रीत जुनी होती. अध्यक्षांची खुर्ची पहिल्या रांगेच्याही चार हात पुढे, एकटीच मांडायची. ते हसले की मग हॉलने हसायचं, त्यांनी टाळी वाजवली की मग हॉलने वाजवायची.

अरविंदने पडद्याच्या फटीतून पाहिलं. भगवंतराव काठीवर हात आणि हातांवर हनुवटी टेकून बसले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासूनचा काळा चष्मा डोळ्यांवर होता. जिना चढून आल्या आल्या त्यांनी पाणी मागवलं होतं. तो पेला शेजारच्या स्टुलावर तसाच भरलेला होता.

"आपल्या पाण्यालाही शिवले नाहीत बघ. जाम भडकलेत," तो खंडोजीला म्हणाला.

"सरी सरी, असू दे. आता आगीचा अंक आहे ना? तिथे दगडसुद्धा हसेल," खंडोजी म्हणाला.

आग लागली. खंडोजीच्या फेट्यातून धूर निघाला. मागच्या बाकावर कस्तुराबाई फिस्सकन हसल्या आणि त्यांनी लगेच तोंडात पदर कोंबला. तीनशे नजरा अध्यक्षांच्या पाठीकडे वळल्या. पाठ हलली नाही.

अरविंदचा धीरच सुटला. चालू अंकात तो रंगमंचावर आला, हातातली नाटकाची वही त्याने टराटरा फाडली आणि खाली उडी मारून भगवंतरावांचे पाय धरले.

"राव, चुकलो! माझ्या पोटावर मारू नका. पुन्हा आयुष्यात लेखणी धरणार नाही."

काठी कलंडली. भगवंतराव हळूहळू पुढे झुकले आणि त्यांचं डोकं अरविंदच्या खांद्यावर आलं.

"साहेबांनी पोराला जवळ घेतलं!" मागून कुणीतरी ओरडलं. मघापासून अडलेल्या टाळ्या हॉलभर कडाडल्या. अरविंदच्या मानेला लागलेला गाल गार पडला होता, आणि कानाशी श्वास येत नव्हता.