जाळरेषा

सकाळी ओढ्याकाठचा माळ अजून कोमट होता. रखवालदार पुढे चालत होता, नोंदी घेणारी ताई मागे. उन्हाळा तोंडावर आला की तो गवताचा एक लांबट पट्टा आपणच जाळून ठेवायचा, म्हणजे कुठून वणवा आलाच तर तिथे अडावा. सव्वीस वर्षं ही जाळरेषा त्यानेच काढली. काल दुपारी ती काढतानाच वारा फिरला. ओल्या फांद्यांनी झोडपता झोडपता त्याचे तळवे सोलून निघाले, पण आग हातची गेली ती गेलीच.

ताईने चार वर्षं खपून या काठच्या दोनशे अकरा वनस्पती नोंदल्या होत्या. निम्म्यांची नावं तिला त्यानेच सांगितलेली. आता ती एकेका जळक्या खुंटापाशी थांबून विचारत होती आणि तो मान खाली घालून सांगत होता, हे मुळातून फुटेल, हे नाही फुटणार. पाण्यालगतचा लव्हाळा तेवढा हिरवा होता. बोरीच्या बुंध्याशी ससा पडलेला दिसला, तेव्हा तो वळसा घेऊन गेला.

ओढ्यावर आल्यावर तिने आगीच्या नोंदीचा कागद काढला.

"काका, कारणाच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहिते. तुमचे चारच महिने राहिलेत नोकरीचे."

"माझं नाव लिहा, ताई."

तिला काही लिहवेना.

तेवढ्यात समोर पखुर्डीचा नर उतरला आणि पाण्यात बसून छाती घुसळू लागला. हा पक्षी पिसांत पाणी भरून पिल्लांकडे नेतो, पिल्लं त्याच्या छातीला चोच लावून पितात, हेही तिला त्यानेच दाखवलं होतं.

"पिल्लं कुठे आहेत याची?" तिने हळूच विचारलं.

त्याने पलीकडच्या काळ्या उताराकडे बोट केलं. परवाच त्याने तिथे तीन मोजली होती. काडी ओढण्याआधी एकदा तिथवर जाऊन यावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण इतकी वर्षं वारा कधी फिरला नव्हता.

नर उडाला, उतारावर उतरला. राखेतून इकडे तिकडे चालत राहिला, थांबला, पुन्हा चालला. दोघं खाली बसून बघत होती. ऊन चढलं.

बऱ्याच वेळाने नर परत ओढ्यावर आला. पिसं वाळून गेली होती. तो पाण्यात बसला आणि पुन्हा छाती भिजवू लागला.