न्हाय

"हाय का न्हाय, एवढंच सांग," महानंदा म्हणाली. "शिलाई बंद व्हणार हाय का?"

ती बसली नव्हती. चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात बायका केबिनमध्ये उभ्यानंच बोलतात. टेबलापलीकडे जोतिराम होता, तिच्याच करकंबचा, भावकीतला. इतके दिवस शिलाई खात्याचा सुपरवायझर होता, आता मॅनेजर झाला होता, पण अजून कच्चा. पक्कं होणं कोपऱ्यात बसलेल्या दिग्विजय सरांच्या शेऱ्यावर होतं. सर पुण्याहून नेतृत्व शिकवायला आले होते आणि आज जोतिराम माणसांशी कसा बोलतो ते बघत होते. महानंदाला ते कुणी पाहुणे वाटले.

कालच्या वर्गात सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'लीडरच्या तोंडात नाही हा शब्द शोभत नाही.' एका वाक्यात दोन नाही कशाला, असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी मान डोलावली. जोतिरामला तर सरांनी बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्या तोंडात तो शब्द फार येतो, आणि तोही 'न्हाय' असा.

येत होताच. शिलाईतल्या बायका त्यासाठीच त्याला मानायच्या. बाकीचे सुपरवायझर रजा मागितली की 'बघू' म्हणून दिवसभर झुलवायचे. जोतिराम द्यायची नसली तर तोंडावर 'न्हाय' म्हणून मोकळा व्हायचा, आणि बाई दुसरी सोय बघायला मोकळी व्हायची.

"आक्का, आधी बसा ना," जोतिराम म्हणाला.

"बसाय येळ न्हाय. मशीन थांबवून आलीय. सात रस्त्याजवळ शाळेचे डरेस शिवायचं काम निघालंय. मला आन सोजरबाईला बोलावलंय, पण आज दुपारपत्तुर कळवा म्हणल्यात, न्हायतर दुसऱ्या बाया घेणार. पगार कमी हाय. पर हितलं बंदच व्हणार आसंल तर गेलेलं बरं. पोरगी नर्सिंगला हाय, मला बिनकामाचं बसून भागायचं न्हाय रं."

शिलाई महिनाअखेरीस बंद होणार होती. मशिनींना गिऱ्हाईकसुद्धा ठरलं होतं. मालकांनी जोतिरामला बोलावून हे सांगितलं होतं, आणि परदेशची ऑर्डर गाडीत चढेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असंही बजावलं होतं. मालकांच्या तोंडात तो शब्द शोभत होता.

जोतिरामनं कोपऱ्यात पाहिलं. सरांनी पेनचं टोपण काढलं.

"आक्का, कंपनी तुमच्या सगळ्यांच्या भविष्याचा विचार करते आहे," तो म्हणाला. "बदल ही एक संधी असते. आपण पॉझिटिव्ह राहायला हवं."

"आसं रेडिओवानी काय बोलायलाय?" महानंदा हसली. "मी तुला सरळ इचारलं की."

"तुमचा अनुभव कंपनीला मोलाचा आहे. तुम्ही मन लावून काम करा. बाकीचं माझ्यावर सोडा."

"तुझ्यावर?"

"माझ्यावर."

महानंदा त्याच्याकडे बघत राहिली. "म्हंजे बंद न्हाय व्हणार."

समोरच्याला त्याचं उत्तर त्यालाच काढू द्या, असं सरांनी शिकवलं होतं. जोतिराम नुसता हसला. हे हसू त्यानं रोज आरशासमोर घोटलं होतं. आता त्याला त्याची लाज वाटली, चांगलीच वाटली. पण मॅनेजरची खुर्चीही हवी होती. हसू तसंच राहिलं.

"मग झालं तर," महानंदा म्हणाली. किती दिवसांचं ओझं उतरल्यासारखे तिचे खांदे सैल झाले. तिथंच उभ्या उभ्या तिनं फोन लावला.

"वैजयंतीताई, मी महानंदा. न्हाय वो, मी न्हाय येत. न्हाय, पगाराचं न्हाय. हितला मॅनेजर आमच्या गावचाच हाय, त्यानं सांगितलंय. व्हय, द्या की माझी जागा दुसरीला."

जोतिरामला मधेच थांबवता आलं असतं. त्यानं टेबलावरची पाण्याची बाटली जवळ ओढली.

फोन ठेवून महानंदानं पदरानं तोंड पुसलं. "बाई लई चांगली हाय. तिला न्हाय म्हणायचं जिवावर आलं बघ. पर माणसाला लटकत ठिवू नये. ह्ये तुझ्याकडनंच शिकले मी."

ती गेली. दार आपोआप मिटलं.

"वा!" दिग्विजय सर म्हणाले. "एवढ्या अवघड बोलण्यात एकदाही 'नाही' आलं नाही. आणि बाई किती समाधानानं गेल्या, पाहिलंत ना?"

जोतिराम काचेतून बाहेर बघत होता. महानंदा आपल्या मशीनवर न बसता शेजारच्या सोजरबाईच्या कानाशी वाकली. काहीतरी बोलली, केबिनकडे बोट दाखवलं. सोजरबाई हसली. तिनं हातातला टॉवेल बाजूला ठेवला आणि डब्याच्या पिशवीतून फोन काढला.

"न्हाय!" जोतिराम ताडकन उठला. "न्हाय, न्हाय, सोजरबाई!"

काच जाड होती आणि बाहेर सगळ्या मशिनी चालू होत्या.

दिग्विजय सर हसले. त्यांनी पुन्हा पेन उघडलं.

"बघा," ते म्हणाले, "अजून येतोच तुमच्या तोंडात."

जोतिराम खाली बसला.