वळणावरचा देवचार

“नारळ फोडूया, कोंबो देऊया, देवचाराचो दगड होतो थय परत बसवूया. सोमवारी रस्तो चालू!” गावचे मानकरी गोकुळदास गावकरांनी निकाल देऊन टाकला. साऱ्या गावाने माना डोलावल्या.

वत्सलाकाकी मात्र खड्ड्याकडे बघत होती. डिचोलीकडून घाटावर जाणारा हमरस्ता या वळणावर अर्धा खाली गेला होता. खाली जुन्या मँगनीजच्या खाणीचं भुयार. पोर्तुगीज गेले, मागोमाग खाण बंद पडली, आधाराची लाकडं कुजत राहिली, आणि श्रावणातल्या एका दुपारी रस्ता गपकन बसला. नशीब, वर कोणी नव्हतं.

“अजून पोकळ आहे हो!” रस्त्याची इंजिनिअर गौरवी कळवळून सांगत होती. “मशीन लावून बघितलंय आम्ही. पार त्या वळणापर्यंत. भुयार टाळून खालच्या अंगाने नवा रस्ता काढतो, वर्षभर कळ काढा.”

वर्षभर! लांबच्या वाटेने फिरून फिरून गाव मेटाकुटीला आलं होतं. आणि खड्ड्याचं कारण गावाला ठाऊकच होतं. रुंदीकरणात गावानेच देवचाराचा दगड उचलून झाडाखाली ठेवला होता. राखणदाराला जागेवरून हलवलं, मग तो कोपणार नाही तर काय आरती करणार? आजवर ड्रायव्हर त्या दगडापुढे विडी ठेवायचे आणि गाडी पलीकडच्या कडेने काढायचे. काकीचा नवरा गोपाळ असेपर्यंत दगडाला शेंदूर तोच लावायचा. तेव्हा कधी खडासुद्धा हलला नव्हता.

“पयली गाडी माझी,” प्रथमेश म्हणाला. काकीचा हा एकुलता एक मुलगा शाळेची बस, ‘बालरथ’, चालवायचा. “पोरांका घेऊन मीच जातलंय. देवचाराचा नाव घेतला की काय्येक होवचा नाय.”

पोरगा बापासारखाच हट्टी. शिकलेल्या मुलीचं कोणी ऐकत नाही, तिथे आपल्याला कोण विचारतो? तिने पदर खोचला.

“पहाटे देवचार माझ्या सपनात इलो,” ती म्हणाली.

गोकुळदासांनी हातातला नारळ खाली ठेवला.

“म्हणालो, दगडाएवढी जागा माका पुरणा नाय. ह्या वळणापासून त्या वळणापर्यंत सगळा माझा. हयसून चाक गेला तर मगे माका बोल लावू नका.”

“तुझ्या सपनात?” गोकुळदासांना काही पटेना. “वैनी, तू सावंतवाडीची. आमच्या देवचाराक तू उभ्या जन्मात हात जोडूक नाय!”

“म्हणानच माझ्याकडे इलो. तुमच्याकडे कित्याक येतलो? तुमी त्येका उचलून झाडाखाली टाकलात!”

गोकुळदासांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी नारळ पुन्हा हातात घेतला आणि देवचाराला नवं गाऱ्हाणं घातलं. हद्द देवचाराची, रस्ता खालच्या अंगाने.

“व्हय म्हाराजा!” गाव एका तोंडाने म्हणालं. गौरवी आ वासून बघत राहिली.

माणसं पांगली. प्रथमेश जरा ओशाळला होता. “आये, आता तरी हात जोड त्येका,” तो म्हणाला.

काकी झाडाखाली गेली. दगडाच्या गुळगुळीत पाठीवरून तिने हात फिरवला. तिचे डोळे भरून आले.

“हात कसले जोडतलंय? तुझो बापूस ह्या भुयारात राबलेलो. वरसून गाडये नेव नका म्हणान घराघरात सांगत फिरलो. मजुराचा कोण ऐकता? शेवटी हो दगड आणून हय लावल्यान आणि शेंदूर फासल्यान.” पदराने डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. “माझो धुण्याचो दगड हो, मेल्या. तेच्यानंतर तसो बरो दगड माका गावलोच नाय.”