आडोसा

संग्रहालयातल्या प्रदर्शनात चित्रं लागली, तेव्हा सासूबाई सुनेला एवढंच म्हणाल्या होत्या, "आपल्या घराच्या भिंती काय वाईट होत्या?"

शेवटच्या दिवशी सून भर पावसात चिंब भिजून तिथं पोचली. अशा पावसात चिटपाखरूही फिरकलं नसणार, असंच तिला वाटत होतं. पण दालनात तिच्या चित्रापुढे घोळका जमला होता आणि मधोमध सासूबाई उभ्या होत्या.

"हा निळा रंग बघा. कितीदा खरवडला, तेव्हा कुठे तिच्या मनासारखा उतरला. तेही घरचं सगळं सांभाळून, बरं का. मी तिच्या तोंडावर म्हणत नाही, पण पोरीनं नाव काढलं."

सून आल्या पावली मागे फिरली. बाहेर पायऱ्यांवर तिनं डोळे पुसले, मनसोक्त हसून घेतलं आणि मुद्दाम पाय वाजवत पुन्हा आत आली.

"अगंबाई, तू?" सासूबाई गडबडल्या. "बाजारात निघाले होते. वाटेत पावसानं गाठलं, म्हणून शिरले आडोशाला."

"बरं झालं, आई. या, माझी चित्रं दाखवते तुम्हाला," म्हणत सुनेनं त्यांचा हात धरला.

सासूबाईंच्या अंगावर पावसाचा एक थेंबसुद्धा नव्हता.