शहरातला सगळ्यात वाईट बर्गर

“फसवलंत तुम्ही आम्हाला!” लाल टोपीवाल्या तरुणाने अर्धा खाल्लेला बर्गर काउंटरवर आपटला. “हा तर चांगलाय!”

आत, स्वयंपाकघराच्या छोट्या खिडकीशी ताईच्या हातातला झारा थांबला. केलेलं कुणी नावाजावं आणि करणारीच्या काळजात धस्स व्हावं, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. पण आली होती, आणि आणली होती तिच्याच धाकट्या भावाने. चौकात त्याने हा एवढा मोठा बोर्ड ठोकला होता. त्यावर त्याचंच तोंड, हिरवंगार, गाल फुगलेले, आत्ता ओकेल की मग. खाली अक्षरं: ‘शहरातला सगळ्यात वाईट बर्गर. हिंमत असेल तर या.’

हे हात दाखवून अवलक्षण आहे, असं ताई म्हणाली होती. पण कालपर्यंत दोघं माशा मारत बसले होते आणि आज रांग दाराबाहेर पडून शेजारच्या चपलांच्या दुकानापर्यंत गेली होती, हेही खरंच.

त्या रांगेत आता कुजबुज सुरू झाली. एक मुलगी मोबाइल तोंडासमोर धरून सांगत होती, “काही नाही हो, नेहमीसारखाच बर्गर आहे. उगाच आलो.” मागचे दोघं-तिघं निघालेसुद्धा.

“थांबा, थांबा, दुसरा देतो!” टोपीवाल्याला एवढं सांगून भाऊ आत घुसला. “ताई, मीठ कुठंय?”

“कशाला?”

“पुढचा घाणा वाईट काढ.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“अगं, तोंड वाकडं करायला आलेत ते! वाकड्या तोंडाचे फोटो हवेत त्यांना, आणि तू चांगलंचुंगलं खायला घालतेयस. ही रांग गेली ना, तर उद्या शटर उघडायची गरज नाही.”

“मला वाईट करता येत नाही रे,” ताई म्हणाली. मानभावीपणा नव्हता त्यात, खरंच येत नव्हतं तिला.

“मग मी करतो.” त्याने डब्याकडे हात नेला.

तिने फाडकन त्याच्या हातावर चापट मारली, लहानपणी मारायची तशी. “माझ्या तळणीला हात लावायचा नाही. सांगून ठेवते!”

बाहेर कुणीतरी शिट्टी मारली. टोपीवाला काउंटरवर बोटं वाजवत होता. ताईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भावाच्या घामेजल्या तोंडाकडे.

“कच्चं देणार नाही,” ती म्हणाली. “शिळं देणार नाही. कुणाचं पोट बिघडलेलं चालणार नाही मला. खारट करीन. बास.”

“कर गं माझे आई. काय वाटेल ते कर, पण लवकर.”

चिकन घोळवायच्या पिठात तिने मीठ घातलं. हात सवयीने चिमटीवरच थांबला. मग तिने दात-ओठ खात मूठ भरली, टाकली, आणखी एक टाकली. तुकडे काळपट होईपर्यंत तेलात राहू दिले. पहिला तुकडा नेहमीप्रमाणे स्वतः चाखला आणि बेसिनमध्ये थुंकला. आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. तरी बर्गर लावताना सॅलडचं पान तिने सरळच केलं आणि प्लेटची कड पुसून घेतली.

बघायचं नाही असं ठरवूनही ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

टोपीवाल्याने मोठा घास घेतला. भावाने काउंटरची कड घट्ट धरली. टोपीवाला चावत राहिला, आणि मग त्याचे डोळे मिटले, नाक आक्रसलं. “थू!” त्याने घास कागदात टाकला आणि दोन्ही हात वर केले.

“आहे रे! खरंच वाईट आहे!”

एकच गलका झाला. निघून गेलेले धावत परत आले. टोपीवाल्याने डोळे पुसत खिडकीतून डोकं आत घातलं. “मावशी, तुम्ही केलात हा? मानलं तुम्हाला. एक नंबर!”

त्या खिडकीतून आजवर कुणी डोकं घातलं नव्हतं. लोक खात, हात पुसत, चालू लागत. ताईचा चेहरा तिच्याही नकळत उजळला, आणि जन्मभराच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, “अजून एक देऊ का, बाळा?”

सगळी रांग खदाखदा हसत सुटली. सगळे मोबाइल खिडकीकडे वळले.

भाऊ लगबगीने आत आला. आनंदाने त्याचे डोळे भरून आले होते.

“ताई,” तो तिच्या कानाशी म्हणाला, “हे आता रोज म्हणायचं हं.”