तिची खुर्ची

पत्नीच्या निधनानंतर लेकीने अबोला धरला, म्हणून प्राध्यापकांनी ऑनलाइन समुपदेशन स्वीकारले. पडद्यावर एका चौकटीत समुपदेशिका होत्या, दुसरीत निर्विकार मुद्रेची लेक.

“शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसा आणि पत्नीच्या वतीने लेकीशी बोला,” समुपदेशिका म्हणाल्या.

प्राध्यापक मनाशी हसले. ‘तुझ्या बाबांनी माझी सेवाच केली’ एवढे म्हटले, की प्रकरण मिटले. ते त्या खुर्चीत बसले. आसन उबदार होते.

“छकुले,” त्यांच्या मुखातून बायकी स्वर उमटला, “माझं औषध यांनीच लपवलं होतं गं.”

लेक ताडकन उठली. “आई?”

समुपदेशिका चाचरल्या, “सर, आता आपल्या खुर्चीत परत या.”

प्राध्यापकांनी उठू पाहिले. पाय हललेच नाहीत. ओठ मात्र हलले.

“राहू द्या, बाई. यांना आता खुर्ची लागणार नाही.”